धातूची शुश्रूषा : घरी बांधलेल्या जुन्या विमानाचे पत्राकाम

डॉक्टर आणि छोटे विमान यांचे नाते अमेरिकेत बरेच जुने आहे. मात्र ते सर्वस्वी गौरवाचे नाही. १९४७ पासून विक्रीस आलेल्या बीचक्राफ्ट बोनान्झा या देखण्या विमानाला तिकडच्या वैमानिकांनी ‘दुभंग शेपटीचा डॉक्टर-मारक’ असे टोपणनाव दिले. डॉक्टरांपाशी वेगवान विमान घेण्याइतका पैसा असतो, पण ते चालविण्याचा सराव राखण्याइतका वेळ नसतो, असे त्यामागचे कारण सांगितले जाते. या थट्टेतील कडवटपणा आपल्या व्यवसायातील कोणालाही सहज जाणवेल.

विमानापर्यंत पोहोचण्याची आणखी एक वाट आहे. ती पैशाची नसून हाताची आणि सबुरीची आहे. स्वतःच्या घरामागील शेडमध्ये, स्वतःच्या हातांनी विमान बांधणाऱ्यांची ही वाट. १९५३ साली पॉल पोबरेझनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिलवॉकी येथे ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संस्था स्थापन केली. १९७० पासून तिचा वार्षिक मेळा विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश येथे भरतो आणि अलीकडच्या वर्षांत त्यास सहा लाखांहून अधिक लोकांनी हजेरी लावली आहे. विमानाच्या बांधणीचा निम्म्याहून अधिक भाग हौशी व्यक्तीने स्वतःच्या शिक्षणासाठी वा करमणुकीसाठी केलेला असेल, तर अमेरिकी कायदा अशा विमानास उडण्याची परवानगी देतो. आपल्याकडे ही वाट किती बिकट आहे, हे कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभारणारे कॅप्टन अमोल यादव यांच्या उदाहरणावरून अनेकांना ठाऊक आहे. त्यांच्या विमानाची अधिकृत नोंदणी २०१७ मध्ये झाली, आणि तीही वर्षानुवर्षांच्या पाठपुराव्यानंतर.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र नव्या बांधणीचा नाही. साठ-सत्तरच्या दशकांत घरोघरी बांधलेली अॅल्युमिनियमची विमाने आता पन्नाशी ओलांडून गेली आहेत. मूळ बांधणाऱ्यांपैकी अनेक जण आज हयात नाहीत. ही विमाने कोणाच्या तरी शेडमधून धूळ खात बाहेर येतात, दुसऱ्याच्या हाती जातात आणि पुन्हा उभी केली जातात. या पुनर्बांधणीतील सर्वांत कठीण काम म्हणजे पत्राकाम. नवा पत्रा कापणे, वाकविणे आणि जोडणे हे शिकता येते. जुन्या पत्र्यात काय दडले आहे हे ओळखणे, आणि पुन्हा कोणाच्याही दृष्टीस न पडणाऱ्या जागी ते काम चोख करणे, ही खरी कसोटी आहे. वैद्यकाशी या विद्येचे जवळचे नाते आहे, ते याच ठिकाणी.

त्वचाच जेथे सांगाडा

उदाहरणादाखल थॉर्प टी-१८ हे विमान घेऊ. जॉन थॉर्प या अमेरिकी अभियंत्याने ते घरी बांधणाऱ्यांसाठीच आखले आणि १९६४ मध्ये त्याचे पहिले उड्डाण झाले. दोन आसनांचे, संपूर्ण पत्र्याचे असे हे विमान. घरच्या शेडमध्ये भल्यामोठ्या साच्यांची चौकट उभारणे शक्य नसते, हे जाणून थॉर्प यांनी भोके आधीच परस्परांशी जुळवून पाडण्याची पद्धत रूढ केली. फासळीवरील भोक पत्र्यावरील भोकाशी जुळले, की विमानाचा आकार आपोआप सरळ येतो. याच जातीच्या, स्वतः बांधलेल्या विमानातून डोनाल्ड टेलर यांनी १९७६ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. घरी बांधलेल्या विमानाने केलेली ती पहिलीच पृथ्वीप्रदक्षिणा. ते विमान आज ऑशकॉशच्या संग्रहालयात आहे.

अशा विमानाची शरीररचना माणसासारखी नसून खेकड्यासारखी असते. आत कणा आहे, फासळ्या आहेत. पण भाराचा मोठा वाटा बाहेरची त्वचाच वाहते. ही त्वचा किती जाड? ०.०२५ इंच, म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या आसपास. दोन व्हिजिटिंग कार्डे एकावर एक ठेवावीत एवढी. हा पत्रा हातात धरला तर लवतो, डुगडुगतो. तोच फासळ्यांवर ताणून हजारो रिव्हेटांनी जडविला, की शेकडो किलोंचा भार घेऊन उभा राहतो. म्हणूनच येथे पत्र्यावरचा ओरखडा हा केवळ सौंदर्याचा प्रश्न राहत नाही.

धातूची प्रकृती

शुद्ध अॅल्युमिनियम मऊ असते. त्याला विमानायोग्य बळ दिले ते आल्फ्रेड विल्म या जर्मन धातुशास्त्रज्ञाच्या शोधाने. १९०६ च्या सुमारास त्याच्या ध्यानात आले, की थोडे तांबे व मॅग्नेशियम मिसळलेले अॅल्युमिनियम तापवून पाण्यात एकदम थंड केले, तर ते लगेच कठीण होत नाही; पुढील काही दिवसांत आपणहून कठीण होत जाते. यातूनच ‘ड्युरॅल्युमिन’ जन्मास आले. आज विमानाच्या पत्र्यासाठी सर्वाधिक वापरला जाणारा ‘२०२४-टी३’ हा त्याच कुळातला मिश्रधातू असून त्यात सुमारे साडेचार टक्के तांबे असते. या काठिण्याला कालावधी लागतो, म्हणून काही जातींचे रिव्हेट तापवून थंड केल्यावर चक्क बर्फपेटीत ठेवावे लागत आणि बाहेर काढताच अल्पावधीत ठोकून टाकावे लागत. लसीच्या शीतसाखळीशी परिचित असलेल्या वाचकांस यात नवल वाटू नये.

तांब्याने बळ दिले, पण त्याच तांब्याने रोगही आणला. हा मिश्रधातू शुद्ध अॅल्युमिनियमपेक्षा लवकर झिजतो, क्षरतो. त्यावर उपाय काय, तर पत्र्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध अॅल्युमिनियमचा पातळ थर. पातळ पत्र्यात तो प्रत्येक बाजूस जाडीच्या सुमारे पाच टक्के असतो. यास ‘अल्क्लॅड’ म्हणतात. तांब्याच्या पातेल्याला आपण कल्हई करीत आलो, तसाच हा प्रकार. एक भेद मात्र आहे : कल्हई उडाली तर कल्हईवाल्याला बोलावता येत असे, अल्क्लॅडचा थर एकदा घासला गेला तर पुन्हा चढविता येत नाही. जुन्या विमानाचा रंग काढताना जोमाने घासणारा हौशी माणूस याच संरक्षक थरावर घाव घालत असतो.

तांबटाचे अनुभवसिद्ध ज्ञान येथे अर्धेच उपयोगी पडते. ठोकून कडक झालेले तांबे तापविले की पुन्हा मऊ होते, हे तांबट पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. वाकलेला अॅल्युमिनियमचा पत्रा ब्लोलँपने तापवून सरळ करण्याचा मोह म्हणूनच स्वाभाविक आहे, आणि घातकही. पत्रा सरळ होईल, चकाकेल, पण उष्णोपचाराने आलेले त्याचे बळ गेलेले असेल. आणि ते गेले आहे हे डोळ्यांना दिसणार नाही.

निदान

पुनर्बांधणीचा आरंभ हातोडीने होत नाही, तपासणीने होतो. प्रथम दर्शन, मग स्पर्श, मग विशेष चाचण्या, हा आपला क्रम येथेही लागू पडतो. काही लक्षणे तर पाठ्यपुस्तकात शोभावीत इतकी नेमकी आहेत.

रिव्हेटच्या डोक्यामागे, वाऱ्याच्या दिशेने, काळसर धुराची रेघ उमटलेली दिसते. त्यास तिकडे ‘धुरकट रिव्हेट’ म्हणतात. रिव्हेट आपल्या भोकात सैल झाला असून उड्डाणात सतत घासला जात आहे, आणि घासून निघालेली काळी भुकटी मागे वाहत गेली आहे, असा त्याचा अर्थ. रंगाखाली नागमोडी धाग्यांसारखे उंचवटे दिसले, तर क्षरण रंगाखालून सरकत आहे असे समजावे. जाड भागाची कड पुस्तकाच्या भिजलेल्या पानांसारखी फुगून सुटू लागली असेल, तर रोग कणाकणांच्या सीमांतून खोलवर गेला आहे. असा भाग घासून वाचत नाही, बदलावाच लागतो. पोलादी बोल्ट अॅल्युमिनियमला जेथे थेट टेकतो आणि ओल साचते, तेथे दोन धातूंमध्ये जणू विद्युतघट तयार होऊन अॅल्युमिनियम खाल्ले जाते. आणि शेडमध्ये वर्षानुवर्षे पडून असलेल्या विमानाच्या पंखात उंदरांनी घरटे केले असेल, तर त्यांच्या मूत्राने तळाचा पत्रा कुरतडल्यासारखा झालेला आढळतो.

धडाच्या बाजूवर पडलेली तिरकी सुरकुती हे आणखी एक चिन्ह. नवशिका तेथेच पत्रा बदलू पाहतो. पण सुरकुती हे बहुधा दुसरीकडच्या आघाताचे चिन्ह असते. कधी तरी विमान जोरात आदळत उतरले, चाकांच्या आधारापासून भार वर चढला आणि जेथे त्वचा दुबळी होती तेथे ती दुमडली. मूळ इजा चाकांच्या बैठकीत वा कण्याच्या जोडाशी असू शकते. डाव्या हातात कळ आल्यावर नुसत्या हाताकडे पाहणारा वैद्य आणि सुरकुतीवर ठिगळ लावणारा कारागीर, हे एकाच पंथाचे होत.

जे डोळ्यांना दिसत नाही त्यासाठी पंखाच्या छिद्रातून आत सोडण्याची दुर्बीण आहे. आपल्या एंडोस्कोपची ती सख्खी बहीण. सूक्ष्म तड्यांसाठी रंगद्रव्याची चाचणी आहे. पृष्ठभाग स्वच्छ करून त्यावर पातळ रंगद्रव्य पसरावे, ते तड्यात मुरू द्यावे, वरचे पुसून काढावे आणि पांढरी भुकटी फवारावी. तडा असेल तर त्यात मुरलेला रंग वर येऊन रेघ उमटते. या द्रव्याचा एक प्रकार अतिनील प्रकाशात चमकतो. फ्लुओरेसीनचा थेंब टाकून बुबुळावरची जखम पाहणाऱ्या नेत्रतज्ज्ञांना हे तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही.

तड्याची एवढी धास्ती का? पोलादाला एका मर्यादेखालचा ताण कितीही वेळा दिला तरी ते बहुधा टिकते; अॅल्युमिनियमला अशी स्पष्ट सुरक्षित मर्यादा नाही. प्रत्येक उड्डाण, प्रत्येक कंप कुठे तरी जमा होत असतो. धातूच्या थकव्याचा हा हिशेब कधी पुसला जात नाही.

उच्छेदन आणि जोड

रोगट पत्रा काढायचा तर जुने रिव्हेट काढावे लागतात. डोक्याच्या नेमक्या मध्यावर खूण करून, रिव्हेटच्याच मापाच्या ड्रिलने डोक्याच्या जाडीपुरतेच छिद्र घ्यायचे, डोके अलगद मोडायचे आणि मागून आधार देऊन उरलेली दांडी पंचने बाहेर काढायची. ड्रिल किंचित कलले तर भोक मोठे वा लंबगोल होते आणि निरोगी फासळी उगाच जखमी होते. अशा वेळी वापरायच्या, मूळ डोक्याच्या पण जाड दांडीच्या रिव्हेटला बांधणारे ‘ऊप्स रिव्हेट’ म्हणतात. मराठीत त्यास ‘अरेरे रिव्हेट’ म्हणावयास हरकत नाही.

काढलेला जुना पत्रा फेकून द्यायचा नसतो. नव्याची भोके जुळविण्यासाठी तोच नमुना असतो. नव्या पत्र्यावर खूण करताना सुईने ओरखडा काढणे वर्ज्य, कारण ओरखड्यातूनच पुढे तडा फुटतो. साधी शिसपेन्सिलही वर्ज्य, कारण शिशातील ग्राफाइट अॅल्युमिनियमच्या क्षरणाला निमंत्रण देते. पत्रा वाकविताना घडीची आतली गोलाई पत्र्याच्या जाडीच्या निदान तीन-चार पट ठेवावी लागते. घडी चुकीच्या जागी पडली तर ती सपाट करून पुन्हा घालायची नाही. तो तुकडा बाद समजून नवा घ्यायचा. कापलेली प्रत्येक कड आणि पाडलेल्या प्रत्येक भोकाची धार कानशीने, पॉलिशने गुळगुळीत करायची. एका विमानात अशी भोके दहा-पंधरा हजारांच्या घरात जातात, आणि दुर्लक्षित राहिलेले कोणतेही एक भोक तड्याचे उगमस्थान होऊ शकते.

भोकाची कड किती महत्त्वाची असते, याचा धडा २०२३ मध्ये साऱ्या हौशी जगताला मिळाला. घरी बांधायच्या विमानांचे संच पुरविणाऱ्या व्हॅन्स एअरक्राफ्ट या नामांकित कंपनीच्या, लेझरने भोके कापलेल्या काही भागांना रिव्हेटच्या डोक्यासाठी खळगा पाडताना भोकाशी तडे जाऊ लागले. कितीतरी भाग बदलून द्यावे लागले. अन्य अडचणींसह हे ओझे इतके झाले, की त्या वर्षाच्या डिसेंबरात कंपनीने न्यायालयीन संरक्षण घेऊन पुनर्रचना आरंभिली. २०२४ मध्ये ती त्यातून बाहेर आली.

रिव्हेट ठोकणे हे दोघांचे काम आहे. एक बाहेरून हवेच्या दाबावर चालणारी बंदूक धरतो, दुसरा आतून दांडीच्या टोकाशी पोलादाचा गुळगुळीत ठोकळा दाबून धरतो. पुष्कळ घरांत हा दुसरा माणूस म्हणजे पत्नी, मुलगी किंवा मुलगा असतो. आवाजामुळे बोलणे अशक्य, म्हणून जुन्या कारखान्यांतील टिचक्यांची खूणभाषा चालते : एक टिचकी म्हणजे अजून ठोका, दोन म्हणजे झाले, तीन म्हणजे बिघडला, काढा. एक अष्टमांश इंच जाडीच्या दांडीचे आतले डोके दांडीच्या दीडपट रुंद आणि निम्मे उंच व्हायला हवे. कमी ठोकले तर पकड सैल राहते, अधिक ठोकले तर रिव्हेट कडक होऊन चिरतो. रिव्हेट पत्र्याच्या कडेपासून निदान आपल्या व्यासाच्या दुप्पट अंतरावर हवा. टाका जखमेच्या कडेला फार जवळ घेतला तर ऊती फाटून सुटतो, हे ज्याने एकदा अनुभवले आहे त्याला हा नियम विसरता येणार नाही.

ठिगळाचे प्रमाण

लहानशा इजेसाठी संपूर्ण पत्रा न बदलता ठिगळ लावता येते. अमेरिकी विमान प्रशासनाने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेली दुरुस्तीची मार्गदर्शिका या क्षेत्रात प्रमाण मानली जाते. तिचे सार एका वाक्यात सांगता येईल : दुरुस्तीने मूळचे बळ परत यावे. इजा झालेला भाग कापताना कोपरे गोल ठेवावेत, कारण काटकोनी कोपऱ्यात ताण एकवटतो. ठिगळ त्याच मिश्रधातूचे, त्याच जाडीचे किंवा एकच पायरी जाड असावे. ‘होऊ दे मजबूत’ म्हणून दुप्पट जाडीचा पत्रा ठोकला, तर तो भाग ताठर होतो आणि भार ठिगळाच्या कडेवर जाऊन तेथे नवा तडा पाडतो. हलत्या शेपटीवर किंवा पंखाच्या हलत्या पट्टीवर तर ठिगळाचे, अगदी रंगाच्या अधिक थराचे वजनही तोल बिघडविते आणि वेगात तो भाग थरथरून तुटू शकतो. म्हणून अशा भागाचा तोल दुरुस्तीनंतर पुन्हा तपासावाच लागतो. अतिउपचाराने होणारी हानी ही केवळ वैद्यकाची मक्तेदारी नव्हे.

उणेपणाची किंमत किती असू शकते, याचे सर्वांत दारुण उदाहरण हौशी विमानाचे नसून अवाढव्य प्रवासी विमानाचे आहे. १९७८ मध्ये जपान एअरलाइन्सच्या एका बोईंग ७४७ विमानाची शेपूट उतरताना धावपट्टीवर घासली आणि मागील दाबभिंतीची दुरुस्ती झाली. जोडपट्टी अखंड हवी होती; ती दोन तुकड्यांत बसविली गेली. परिणामी जेथे रिव्हेटांच्या दोन रांगांनी भार घ्यायचा, तेथे तो एकाच रांगेवर आला. बाहेरून सारे ठीक दिसत होते. बारा हजारांहून अधिक उड्डाणे त्या जोडाने सोसली. १२ ऑगस्ट १९८५ रोजी ती भिंत फुटली, विमानाचे नियंत्रण गेले आणि ५२४ जणांपैकी ५२० जण मृत्यू पावले. रिव्हेटांची एक रांग आणि पाचशे वीस जीव, असा हा हिशेब आहे.

त्वचा बंद करण्यापूर्वी

हौशी विमानाच्या बाबतीत अमेरिकी कायदा एक विलक्षण जबाबदारी माणसाच्या खांद्यावर ठेवतो. जुने होमबिल्ट विमान विकत घेणारा मनुष्य त्यावरील पत्राकाम कोणत्याही परवान्याविना स्वतः करू शकतो. वार्षिक तपासणीवर मात्र परवानाधारक मेकॅनिकची, किंवा तसे प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीची सही लागते. पण तोपर्यंत पंख बंद झालेला असतो. तपासनीस छिद्रांतून डोकावू शकतो, बोट फिरवू शकतो; प्रत्येक फासळीच्या मागचा प्रत्येक रिव्हेट तो पाहू शकत नाही. म्हणून जाणते बांधणारे त्वचा बंद करण्यापूर्वी छायाचित्रे काढून ठेवतात, रोजची नोंदवही लिहितात आणि दुसऱ्या अनुभवी बांधणाऱ्याला मुद्दाम बोलावून काम दाखवितात. शस्त्रक्रियेच्या शेवटी कापसाचे बोळे मोजणाऱ्या परिचारिकेची आठवण येथे होते. मोजणी होते ती कोणावर संशय म्हणून नव्हे, तर बंद केल्यावर पाहता येणार नाही म्हणून.

अशा विमानात ‘प्रायोगिक’ हा शब्द ठळक अक्षरांत लिहावा लागतो. शिवाय, हे विमान हौशी व्यक्तीने बांधलेले असून प्रमाणित विमानांसाठीचे सुरक्षा नियम ते पाळत नाही, अशी सूचना प्रवाशाला स्पष्ट दिसेल अशी लावावी लागते. हा एक प्रकारे संमतीपत्राचाच नमुना. आणि तरीही शेजारच्या आसनावर बसणारी व्यक्ती त्या सूचनेवर विश्वासून बसत नाही. ती बांधणाऱ्या माणसावर विश्वासून बसते. ती व्यक्ती बहुधा त्याची पत्नी असते, मुलगा असतो, मित्र असतो. ज्या मुलीने आतून ठोकळा धरला, तीच पुढे त्या आसनावर बसते.

आपल्या व्यवसायातही रुग्णाला दिसतो तो वरचा व्रण. आतल्या थरांचे टाके त्याने कधी पाहिलेले नसतात, पाहणारही नसतो. ते पाहणारे शेवटचे डोळे शल्यविशारदाचे असतात. पत्राकामात तोच नियम चालतो. शेवटचा पत्रा बसण्यापूर्वी जो माणूस दिवा घेऊन पंखात पुन्हा एकदा डोकावतो आणि मनाला न पटलेला एक रिव्हेट काढून नवा बसवितो, त्याला ते करताना कोणी पाहत नाही आणि नंतरही कोणाला ते कळत नाही. विमान मात्र त्याच्या भरवशावर उडत असते.